सर गप्प झाले!

"आजपासून मी माझ्या व्यवसायात क्रांती करणार आहे!" सरांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं.

"करा. पण आधी गिझर बंद करा," बायको बॅगेची चेन ओढत म्हणाली.

सर म्हणजे समुपदेशक. लोकांची दुःखं ऐकून घेणं हा त्यांचा धंदा, निदान दारावरची पाटी तरी तसं म्हणत होती. प्रत्यक्षात 'ऐकून घेणं' हा प्रकार सरांच्या हातून फारसा घडत नसे. माणूस समोर बसून "सर, मला ना…" एवढं म्हणाला, की त्या 'ना'ला धरून सर जे सुटायचे, ते थेट वेळ संपल्यावरच थांबायचे. दाखले काय, उपमा काय, फळ्यावर बाणांच्या आकृत्या काय! सासुरवाडीला त्यांना 'धबधबा' म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर! सरांना ते कौतुक वाटे. बायको भूलतज्ज्ञ होती. "आमचा दोघांचा धंदा एकच," ती मैत्रिणींना सांगायची. "मी सुईनं झोपवते, हे बोलून झोपवतात."

पण मध्यंतरी एक गोष्ट घडली. एक बाई जाता जाता दारात थबकल्या आणि फार नम्रपणे म्हणाल्या, "सर, आज मला एक वाक्य बोलायचं होतं. पुढच्या वेळी बोलले तर चालेल ना?" आणि पुढच्या वेळी त्या आल्याच नाहीत. ते वाक्य काय असेल, या विचारानं सर बेचैन झाले. जेवताना तेच, दाढी करताना तेच. शेवटी त्यांनी समुपदेशकांसाठी भरलेलं सजगतेचं शिबिर गाठलं.

शिबिर घेणाऱ्या बाईंचा आवाज इतका मऊ होता, की तो फक्त पहिल्या रांगेला ऐकू येई, आणि पहिली रांग डुलक्या काढत असे. सर मात्र डोळे फाडून जागे होते. "समोरचा बोलला, की तीन श्वास घ्या," बाई म्हणाल्या. "मग बोला. गरज नसेल, तर बोलूही नका. मनात सल्ला उगवला, तर त्याच्याकडे बघा, हसा आणि जाऊ द्या. पाठ ताठ, पावलं जमिनीवर, नजर मऊ. बघा, नात्यात कशी ऊब येते!"

सरांनी शब्द न् शब्द पाठ केला. नजर मऊ करायचा सराव त्यांनी घरी आरशासमोर केला.

"डोळ्यांत काही गेलंय का?" बायकोनं विचारलं होतं.

आणि आज सोमवार उजाडला होता. बायको धाकट्या बहिणीकडे निघाली होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, चार-पाच दिवस तरी मोडणार होते. तिला रिक्षात बसवून सर क्लिनिकवर आले, पाठ ताठ केली, पावलं जमिनीवर टेकवली आणि क्रांतीची वाट बघत बसले.

पहिले आले दातांचे डॉक्टर. हाताला मोठं कसब, दाढ कधी निघाली ते पेशंटला कळायचंही नाही. पण हा माणूस चारचौघांत बुजतो, असं सरांचं निदान होतं. वर्षभर ते त्यांना आत्मविश्वासाचे धडे देत होते.

"सर, परवा काय झालं…" डॉक्टर म्हणाले आणि सवयीनं थांबले. याच्यापुढे सर बोलायचे.

सर बोलले नाहीत.

एक श्वास. दोन श्वास. तीन श्वास.

"माझं… काही चुकलं का?" डॉक्टर खुर्चीच्या कडेला सरकले.

पुन्हा एक श्वास. दोन. तीन.

सरांच्या डोक्यात सल्ल्यांची ही झुंबड उडाली होती! एकेक सल्ला पुढे घुसून हात वर करत होता, "मी जाऊ? मी जाऊ?" सर प्रत्येकाकडे बघत होते, हसत होते आणि वाटेला लावत होते. डॉक्टरांना दिसत होतं ते एवढंच, की सर गप्प आहेत आणि मध्येच भिंतीकडे बघून हसतायत!

त्यात ती मऊ नजर. ती टिकवायच्या नादात सरांनी पापणीच लवू दिली नव्हती. डोळे चुरचुरले, भरले, आणि दोन्ही गालांवरून धारा लागल्या.

"सर! तुम्ही रडताय?"

तीन श्वास. "जे आहे," सर म्हणाले, "ते आहे."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सारली. ते हळूच उठले. निरोप द्यायला सरही उठले. पण इतका वेळ खिळ्यासारखं ताठ बसून दोन्ही पाय गाढ झोपले होते. सरांनी पहिलं पाऊल टाकलं आणि ओला टॉवेल दोरीवरून घसरावा तसे ते डॉक्टरांच्या गळ्यात पडले!

"पाय…" सर शिबिरात शिकवल्याप्रमाणे, जाणवेल ते जसंच्या तसं सांगू लागले, "पाय माझे नाहीतच असं वाटतंय."

डॉक्टर पांढरेफटक होऊन बाहेर आले. बाहेर जजसाहेब बसले होते. हयातभर दुसऱ्यांचे निकाल लावलेला माणूस, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना स्वतःचं काहीच ठरवता येईना. दिवाणखान्याला पडदे करडे लावायचे की निळे, या प्रकरणाची सुनावणी गेल्या हिवाळ्यापासून चालू होती!

"काय हो, भूत बघितल्यासारखे का दिसताय?" जजसाहेबांनी विचारलं.

डॉक्टर काही सांगणार, तेवढ्यात आत सरांचा फोन वाजला. मधली भिंत लाकडी फळीची. शिंक आली तरी पलीकडच्यानं रुमाल काढावा, इतकी पातळ! दोघांनीही कान टवकारले.

"तू गेलीस," आतून सरांचा संथ आवाज आला. बराच वेळ शांतता. "हो, तुझं जाणं मी नीट बघितलं. थांबवावंसं वाटलं. पण मग जाऊ दिलं." पुन्हा शांतता. "नाही गं. रिकामं घर वाईट नसतं. ते फक्त रिकामं असतं."

पलीकडून बायको एवढंच विचारत होती, की दूध फ्रिजमध्ये ठेवलंत का!

बाहेर जजसाहेबांनी चष्मा काढला. "पत्नी सोडून गेली."

"तरीच!" डॉक्टर कुजबुजले. "माझ्या गळ्यात पडून रडले हो!"

"साक्षी एकमेकींना पूरक आहेत," जजसाहेब म्हणाले आणि कोर्टात शिरावं तसे आत शिरले. त्या दिवशी त्यांनी पडद्यांचा विषयच काढला नाही. समोर बसून थेट उलटतपासणी सुरू केली.

"जेवता का वेळेवर?"

तीन श्वास. "जेवतो तेव्हा जेवतो. जेवत नाही तेव्हा जेवत नाही."

"झोप?"

तीन श्वास. "येते. जाते."

"पुढं काय ठरवलंय?"

तीन श्वास. "पुढं असं काही नसतंच."

जजसाहेबांनी उलटतपासणी तिथंच थांबवली. सर मात्र मनातून हरखले होते. हा माणूस आज पहिल्यांदा इतका आपलेपणानं बोलला! ऊब, ऊब म्हणतात ती हीच!

दुसऱ्या दिवशी आलं एक जोडपं. बायको इमारतींच्या लिफ्ट तपासायची, म्हणून तिला सगळे लिफ्टबाई म्हणत. नवरा जमिनी मोजून नकाशे काढायचा. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालंय असं लग्नापासून कुणी पाहिलं नव्हतं. क्लिनिकला यायचा रस्ता कुठला, यावरून भांडण व्हायचं, म्हणून दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी यायची आणि आधी कोण पोचलं यावरून भांडायची!

त्या दिवशी दोघं वेळेआधीच पोचली आणि भांडता भांडता दार ढकलून आत आली.

सर खिडकीपाशी उभे होते. दोन बोटांत एक बेदाणा होता. शिबिरात दिलेला हा अभ्यास: एक बेदाणा घ्यायचा, आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असा बघायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा आणि शेवटी सावकाश खायचा. सर कानापर्यंत आले होते.

दोघांचं भांडण जागच्या जागी विझलं.

"हे बेदाण्याशी बोलतायत," नवरा पुटपुटला.

"बोलत नाहीयेत," लिफ्टबाई म्हणाली. "ऐकतायत."

"बरोबर आहे तुझं," नवरा म्हणाला. आणि आपण हे काय बोलून बसलो या विचारानं दोघंही दचकली!

सरांनी त्यांना हातानं बसा म्हटलं, बेदाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि चावायला सुरुवात केली. ते चावणं काही संपेना. दोघं आधी एकमेकांकडे बघत राहिली, मग घड्याळाकडे.

"उपाशी आहेत गं बिचारे," नवरा हळहळला. "एका बेदाण्यावर दिवस काढतायत."

"आणि चेहरा बघ. अडकलेल्या लिफ्टमधून माणूस बाहेर काढल्यावर असाच दिसतो. मी शेकडो बघितलेत." लिफ्टबाईनं मोबाइलचा टॉर्च लावून सरांच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे फिरवला. सरांनी डोळे उघडले आणि प्रकाशाकडे प्रकाश म्हणून पाहिलं. हसले.

"गेली केस!" लिफ्टबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर दोघांची गाठ जजसाहेबांशी पडली. सर धड आहेत ना ते बघायला जजसाहेब मुद्दाम येऊन बसले होते. तिथून डॉक्टरांना फोन गेला. पुढचे दोन दिवस सरांवर जी माया बरसली तिला तोड नव्हती! क्लिनिकच्या दाराला डबे लटकू लागले. कुणी सूप ठेवलं, कुणी मऊ भात. सर बाहेर पडले, की नकाशेवाले कोपऱ्यावर उभे दिसत, आणि सर रस्ता ओलांडेपर्यंत हात आडवा करून गाड्या थांबवत. रोज संध्याकाळी डॉक्टरांचा फोन, "सर, आहात ना?"

तीन श्वास. "आहे."

"बास, बास! एवढंच ऐकायचं होतं!"

सरांना भरून आलं. आपल्याला वीस वर्षं घसा फोडून जे जमलं नाही, ते गप्प बसून आठवड्याच्या आत जमलं! कधी एकदा बायको येते आणि तिला सांगतो, असं त्यांना झालं. पण सांगणं बसतं का सजगतेत? सरांना जरा धाकधूकच वाटली.

शुक्रवारी ते क्लिनिकवर आले, तर दार उघडंच! आदल्या संध्याकाळी डब्यांच्या गडबडीत कुलूप लावायचं राहिलं होतं. आत खुर्च्या गोल मांडलेल्या. चौघं बसलेली. सरांची स्वतःची खुर्ची जजसाहेबांनी अडवलेली, आणि लोकांना बसवायच्या खुर्चीवर एक जाड ब्लँकेट उलगडून ठेवलेलं.

"या सर. घाबरू नका. बसा," जजसाहेब म्हणाले.

सर बसले. लिफ्टबाईनं त्यांना मानेपर्यंत ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. एवढी वर्षं लोकांना बसवलं त्या खुर्चीत सर पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची ठेंगणी होती. समोरच्या खिडकीचा उजेड थेट डोळ्यांत येत होता, आणि समोरचा माणूस उगीचच देवासारखा उंच दिसत होता. अरेच्चा, सरांच्या मनात आलं, इथून असं दिसतं होय!

"आतमध्ये कोण आहे?" लिफ्टबाई त्यांच्या तोंडापाशी वाकून मोठ्यानं म्हणाली. अडकलेल्या माणसाशी सतत बोलत राहायचं, असा त्यांच्या कामात नियमच होता. "घाबरू नका हं! हवा भरपूर आहे! दार स्वतः उघडायला जाऊ नका! आम्ही आहोत!"

आता मात्र हे प्रकरण भलतीकडेच चाललंय, हे सरांच्या ध्यानात आलं. खुलासा करायलाच हवा! त्यांनी तीन श्वास घेतले, तोंड उघडलं, आणि उघडलेलं तोंड दिसताच दातांच्या डॉक्टरांनी सवयीनं खिशातला छोटा टॉर्च काढला.

"अजून मोठं. आ करा. जीभ खाली."

"आ…"

"सर रात्री दात खातात," डॉक्टरांनी दोन बोटांनी दाढ चाचपत जाहीर केलं. "ताण आहे." आणि तसंच हात न काढता, पेशंटशी बोलतात तसे ते सहज बोलू लागले. "सोमवारी मला सांगायचं होतं सर, की एक म्हातारे गृहस्थ आले होते. मी त्यांना विचारलं, काय काका, मुलगा कसा आहे? आणि हात तोंडात घातला. ते डोळ्यांनी काहीतरी सांगत राहिले. मला काही कळेना. तेव्हा लक्षात आलं, की मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो आणि एकही माणूस मला उत्तर देत नाही. कसं देणार? तोंडात माझाच हात! मी बुजरा नाहीये हो, सर. मी एकटा पडलोय. आणि संध्याकाळी मोठ्या आशेनं इथं येतो, तर इथं…"

डॉक्टर घुटमळले. सर "आं?" म्हणाले. त्यांना तेवढंच म्हणता येत होतं.

"इथं माझ्या तोंडात तुमचा हात असतो!"

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, त्या घंटीचा आवाजही फार मोठा वाटला. डॉक्टरांनी ओशाळून हात काढला, पुसला. सरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मनात या वेळी एकही सल्ला उगवला नव्हता. वर्षभर या माणसाला मी आत्मविश्वास शिकवला, ते मनाशी म्हणत होते, आणि हा नुसतं एक वाक्य पुरं करायला येत होता!

"आमचंही तेच," नकाशेवाले खाली बघत म्हणाले. "ही काय म्हणते ते तुम्ही मला समजावता, मी काय म्हणतो ते हिला समजावता. तुमची दुभाष्याची सवय अशी लागली, की घरी समोरासमोर बसलो तरी शब्द सापडत नाही. सापडतात ते भांडायचेच."

लिफ्टबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"आज सरांमुळे जमलं."

आता मात्र सरांना राहवेना. ब्लँकेटमधून एक हात बाहेर काढून ते म्हणाले, "अहो, मला काही झालेलं नाही! मी शिबिराला गेलो होतो. गप्प बसायला शिकून आलोय!"

चौघांनी आधी सरांकडे पाहिलं, मग ब्लँकेटकडे.

"म्हणजे," जजसाहेब सावकाश म्हणाले, "हे सगळं तुम्ही हेतुपुरस्सर केलंत?"

"माझी झोप उडाली होती!" डॉक्टर ओरडले. "आणि ते रडणं?"

"पापणी लवली नव्हती."

"आणि बेदाणा?" लिफ्टबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अभ्यास."

"पण पत्नी गेली ती तर खरीच ना?" जजसाहेबांनी शेवटचा पुरावा पुढे केला. "मी स्वतः ऐकलंय!"

"आले की परत!" दारातून आवाज आला. सरांची बायको बॅग घेऊन उभी होती. गोल बसलेली माणसं, मधोमध ब्लँकेटात नवरा! तिच्या हातून बॅगच सुटली. "अहो! काय झालं? कुणी भूल दिली तुम्हाला?"

"तुम्ही यांना सोडून गेला होतात?" जजसाहेबांनी विचारलं.

"बहिणीचा गुडघा होता!"

मग सगळेच एकदम बोलू लागले. फोन, पाय, टॉर्च, डबे, सगळं तिच्या अंगावर कोसळलं. सर कुठे दुरुस्ती करायला तोंड उघडत, तर डॉक्टर टॉर्चकडे हात नेत, म्हणून सर पुन्हा मिटत. बायको ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर भलतंच आश्चर्य पसरलं.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "हे सोमवारपासून गप्प आहेत? खरोखर गप्प?"

"शपथेवर सांगतो," जजसाहेब म्हणाले.

तिनं एक खुर्ची ओढली आणि गोलात बसली. "मग माझाही नंबर लावा. मलाही थोडं बोलायचंय. असा योग पुन्हा यायचा नाही."

"बोला. घाई नाही," लिफ्टबाई म्हणाली. आणि नवऱ्याला कोपरानं ढोसून, "तू मध्ये बोलू नकोस." तो बोललाच नव्हता, पण आश्चर्य म्हणजे त्यानं मान डोलावली!

सरांची बायको थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "परवा बहिणीनं मला विचारलं," ती म्हणाली, "ताई, तू कशी आहेस? आणि मी काय केलं असेल? शेजारी वळून बघितलं! मी कशी आहे ते हे काय सांगतायत, ते ऐकायला! शेजारी कुणी नव्हतं. नुसतं फुलदाणीचं स्टूल. मग माझं मलाच सांगायची वेळ आली, आणि मला काही सांगताच येईना."

कुणी हसलं नाही. सरांना श्वास मोजायचंही सुचलं नाही. पाठीला पोक आलं, ब्लँकेट खांद्यावरून घसरलं, आणि नजर कशी होती कुणास ठाऊक.

"मग?" ते म्हणाले. "कशी आहेस?"

ती बोलायला लागली. काय बोलली ते इथं सांगण्यात अर्थ नाही, ते तिचं तिनं सांगावं. पण सर ऐकत होते. मध्येच एकदा त्यांना फार सुरेख दाखला सुचला, हात फळ्याकडे जाऊही लागला, तेव्हा जजसाहेबांनी नुसतं खाकरून तो जागीच थांबवला. डॉक्टरांनी मात्र दोनदा डोळे टिपले. त्यांची पापणी व्यवस्थित लवत होती.

बोलणं संपलं तेव्हा खिडकीतलं ऊन पार कोपऱ्यात गेलं होतं. सगळ्यांचे चेहरे अंघोळ करून आल्यासारखे दिसत होते.

"पुढचा शुक्रवार," जजसाहेबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हीच वेळ. सगळ्यांनी यायचं." आणि मग ते चपापले. "अरे! मी ठरवलं की काहीतरी!"

टाळ्या पडल्या. सरांच्या बायकोनं तर "मीही येणार!" म्हणून टाकलं. सरांचा ऊर अभिमानानं भरून आला. क्रांती, क्रांती म्हणतात ती हीच! ब्लँकेट बाजूला सारून ते झोकात उभे राहिले आणि म्हणाले, "मग शुक्रवारी आपण सुरुवात अशी करू, की मी आधी थोडी प्रस्तावना—"

चौघं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी दातांचे डॉक्टर पुढे झाले. आज त्यांना बुजल्यासारखं अजिबात होत नव्हतं.

"सर, राग मानू नका," ते म्हणाले. "पण तुम्ही धावपळ करून यायलाच हवं असं काही नाही. नुसती खोली उघडी मिळाली, तरी आमचं भागेल."

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

त्यांनी गुपचूप खिशातून किल्ली काढली, डॉक्टरांच्या हातावर ठेवली, आणि ती आधी जरा वर उचलून मग फिरवावी लागते, नाहीतर कुलूप अडकतं, तेवढं समजावून सांगितलं. त्या आठवड्यात सरांनी कुणाला केलेलं व्यावसायिक मार्गदर्शन काय ते एवढंच!